खड्डा न खणता लिहिलेली माती

डोंगरातून परतून मला दीड महिना झाला. पायांवरचे जळवांचे डाग गेले, बुटांची माती झाडून झाली, पण डोकं अजून शांत झालेलं नाही. मैत्रिणी विचारतात, "घाटात गेली होतीस ना? मजा आली असेल." काय मजा आली ते सांगायलाच लिहायला बसले आहे. वाडीचं नाव लिहीत नाही, कारण प्रकरण अजून मिटलेलं नाही. बाकी सगळं घडलं तसं सांगते.

मी सोलापुरात एका खाजगी माती परीक्षण प्रयोगशाळेत बावीस वर्षं काम करते. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, टॉवेल-चादरींच्या कारखान्यांच्या रांगेत आमची बैठी इमारत आहे. शेजारचे माग दिवसभर खडखडतात आणि त्या आवाजात आम्ही माती वाळवतो, चाळतो, तिचा सामू, म्हणजे पीएच, काढतो. करकंबचे ऊसवाले, होटगीचे तूरवाले, सगळ्यांची माती पिशव्यांतून आमच्याकडे येते. काळी, चिकट, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडणारी आणि पावसात चप्पल धरून ठेवणारी. ती माती मी डोळे मिटून ओळखेन. अहवालाखाली सही माझी असते. माझी आजी अंगठा उठवायची. सही ही आमच्या घरात साधी गोष्ट नव्हती. आपली सही म्हणजे आपला शब्द, असं मी समजत आले.

ऑक्टोबरात एका सोमवारी दुपारी फोन आला.

"बनसोडे मॅडम बोलताय का?"

"हो. आपण?"

"मी लीला शेलार. वाडीची सरपंच हाय. लांबनं बोलतीया, घाटाकडनं. तुमची सही हाय हितं एका कागदावर. मला एवडंच सांगा, तुमी आमचं रान बगितलंय का?"

"कुठलं रान?"

"बगा! म्हंजे न बगताच लिवलंय की नुसता मुरूम हाय म्हून. आन खाली लिवलंय, ऊस लावायचा आसंल तर हेक्टरी एवडं एवडं खत टाका. आमच्या डोंगरात ऊस लावतोय व्हय आमी?"

खरं सांगायचं तर मला पहिला राग आला तो लीलाताईंचाच. बावीस वर्षांत कुणी माझ्या सहीवर बोट ठेवलं नव्हतं. मी ठसक्यात म्हटलं, "बाई, आम्ही रान बघत नाही. पिशवी येते ती तपासतो. अहवालात तसं छापलेलं असतं, 'नमुना मिळाला तसा तपासला.'"

"ते मुंगीएवडं अक्षर मला काय दिसलं न्हाय," त्या म्हणाल्या. "आन ज्यानं पिशव्या आणल्या त्यानं ते कुणाला दावलं बी न्हाय."

फोन ठेवून मी कपाटातली फाइल काढली. जुलैत एका सल्लागार कंपनीकडून बारा पिशव्या आल्या होत्या. तांबूस, खड्याची, ओलसर माती. 'पीक' हा रकाना कोरा होता. तो कोरा राहिला की आमचा संगणक आपोआप 'ऊस' छापतो, कारण आमच्याकडे येणारे निम्मे लोक ऊसवालेच. 'मातीचा प्रकार' या रकान्यात माझं अक्षर होतं: हलकी, मुरमाड. बाराही पिशव्यांत. आणि तिथंच माझा हात थांबला. करकंबच्या एका एकरात दोन कोपऱ्यांची माती सारखी निघत नाही. मग अख्ख्या डोंगराच्या बारा जागांची माती आवळ्यांसारखी एकसारखी कशी? हे मला जुलैत दिसलं होतं. दिसूनही मी विचारलं नव्हतं.

लीलाताईंनी मोबाइलवर कागदांचे फोटो पाठवले. वाडीच्या वरचा उतार मालकीचा. मालक कधीचेच शहरात गेलेले. त्यांनी तो एका बाहेरच्या कंपनीला विकला. कंपनीला झाडं तोडून, उतार सपाट करून बंगले बांधायचे होते. वाडीचा हक्क फक्त त्या रानातून येणाऱ्या झऱ्यावर. सल्लागाराच्या अहवालात लिहिलं होतं: 'उथळ, खडकाळ, झुडपी पडीक जमीन. सपाटीकरणाने मृदेचे नुकसान संभवत नाही.' आणि पुरावा म्हणून माझ्या सहीचं पान जोडलेलं. सुनावणी गुरुवारी होती.

प्रयोगशाळेच्या मालकांना सांगितलं, मला तिकडे जायचंय. ते म्हणाले, "आपण नमुना तपासला, विषय संपला. उगाच कशाला?" मी रजेचा अर्ज टेबलावर ठेवला.

शिवाप्पाकाका म्हणाले, "मी पन येतो की. मॅडम काय खड्डा खणनार व्हय?"

काका अक्कलकोटच्या पलीकडचे, घरात कानडी बोलणारे. साठी ओलांडलेली. आमच्या प्रयोगशाळेसाठी शेतांतून खड्डे खणून नमुने आणण्यात त्यांचं आयुष्य गेलं. पुस्तकाचं एक पान न वाचता ते बोटांनी सांगतात ते माझ्या यंत्रापेक्षा फारसं वेगळं नसतं.

मंगळवार

एसटीत काकांची पहार बघून कंडक्टर म्हणाला, "हे हत्यार खाली उतरवा." काकांनी ती शांतपणे सीटखाली सरकवली, तिच्यावर दोन्ही पाय ठेवले आणि कानडीत उत्तरं द्यायला लागले. कंडक्टर कंटाळून निघून गेला. कराडला उतरलो तेव्हा कळलं की माझ्या पिशवीतला शेंगाचटणीचा डबा उघडलाय आणि नमुन्यांच्या कोऱ्या पिशव्या लसूण-तिखटानं माखल्यात. तिखट लागलेल्या पिशवीत माती भरणं म्हणजे तपासणीचा बट्ट्याबोळ. सगळ्या फेकल्या. काका हळहळले ते चटणीसाठी.

कराडच्या पुढं जीपवाला बाळू घ्यायला आला होता. चाळिशीचा, बोलका गडी. घाटाच्या तिसऱ्या वळणावर त्यानं गाडी हळू केली.

"त्या सर्व्हेवाल्या सायबांस्नी मीच आणलं होतं, जुलैत. पाऊस कसला, नुसता धो धो. वर रानाच्या तोंडाशी गाडी थांबवली. एक साहेब उतरला, चार पावलं गेला आन बोंबलत माघारी आला. पायाला चार जळवा. झालं! म्हनला, आत जायाची गरज न्हाय, माती सगळीकडं सारकीच."

"मग नमुने?"

बाळूनं वळणावर बोट दाखवलं. रस्ता काढताना कापलेली दरड होती. तांबडा मुरूम, सडका दगड, मधून ओघळलेलं पाणी. "हितनं. माझ्याच घमेल्यानं. बारा पिशव्या भरल्या आन गाडीत बसून त्यांवर नंबर टाकले. मला वाटलं, चाचणी बिचणी करत आसतील."

मी गाडीतून उतरले. दरडीतली माती चिमटीत घेतली. ओळखीची होती. हीच मी चाळली होती, हिचाच सामू मोजला होता. आकडे एकूण एक खरे होते, आणि सगळा अहवाल खोटा होता. सोलापूरच्या उन्हात तालुके तुडवून काका दीड-दीड मीटर खड्डे खणतात, एका बिघ्याच्या खतासाठी. आणि इथं अख्खं जंगल निकालात निघालं, कशामुळं? साहेबाच्या पायाला जळू लागली म्हणून!

लीलाताईंच्या अंगणात पोचलो तेव्हा ऊन कलत होतं. बाई पन्नाशीच्या, काटक, नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली. त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं आणि म्हणाल्या, "आलासा. मला वाटलं न्हवतं येशीला." मग पाणी दिलं. झऱ्याचं, गार, गोडसर. आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं आणि ते आलं की कामावर जाणारी माणसं रजा टाकतात. इथं पन्हळीतून पाणी रात्रंदिवस वाहत होतं. काकांनी दोन तांबे रिचवले आणि विचारलं, "उन्हाळ्यात?"

"चैतात बी करंगळीएवडी धार आसतीच की. टँकर म्हंजे काय ते वाडीनं बगितलेलंच न्हाय."

जेवायला नाचणीची भाकरी, कुळथाचं पिठलं आणि वरीचा भात होता. आमची ज्वारीची भाकरी पापडासारखी कडक करून महिनाभर ठेवता येते. ही नाचणीची काळसर, मऊ, तव्यावरून थेट ताटात. हात धुताना लीलाताई एवढंच म्हणाल्या, "उद्या रान दावते. मग बोला काय ते."

बुधवार

कोऱ्या पिशव्या वाडीच्या दुकानातून मिळाल्या. सकाळी आम्ही चौघं निघालो: पुढं लीलाताई, मग मी, काका, आणि घमेलं डोक्यावर घेऊन बाळू.

कागदावर ज्याला 'झुडपी पडीक' म्हटलं होतं तिथं जांभूळ, हिरडा आणि अंजनीची एवढी दाटी होती की नऊ वाजता संध्याकाळ वाटत होती. बुंध्यांवर शेवाळ. पायाखाली आवाजच होत नव्हता. आमच्याकडे रानात चाललं की ढेकूळ फुटतं, कुसळ टोचतं. इथं पाऊल गादीवर पडावं तसं पडत होतं आणि मला उगाचच चप्पल काढावीशी वाटली. बुटात पहिली जळू शिरली तेव्हा ती इच्छा गेली. लीलाताईंनी पदराच्या टोकाची तंबाखू मीठ घालून चोळली, जळू गळून पडली. "ह्येवडं तर हाय," त्या म्हणाल्या. "त्यापायी आमचं रान पडीक झालं."

उताराच्या मध्यावर काकांनी जागा निवडली. आधी मी हातानं पाचोळा बाजूला केला. वरची पानं कोरडी, अखंड. त्याखाली अर्धी कुजलेली, जाळीदार पानं, एकमेकांना पांढऱ्या बुरशीच्या धाग्यांनी शिवलेली. त्याखाली पान ओळखू येत नव्हतं, माती म्हणावी तर माती नव्हती. आणि मग काळीभोर, रवाळ, चहाच्या ओल्या पत्तीसारखी माती.

काकांनी पहार टोचली. सोलापुरात पहार टोचली की ठण्ण वाजतं आणि खांद्याला झिणझिण्या येतात. इथं ती वीतभर नुसती आत गेली. काका पहार धरून तसेच वाकून उभे राहिले. मग त्यांनी ओंजळभर माती घेतली, मूठ आवळली, उघडली. लाडू झाला. अंगठ्यानं टिचकी मारली, लाडू फुटून रवा झाला. त्यांनी मातीचा वास घेतला.

"मण्णु अल्ल मॅडम," ते कानडीत पुटपुटले. "बेण्णे! माती न्हाय हे, लोनी हाय."

दुपारपर्यंत खड्डा माझ्या छातीएवढा झाला. मी आत उतरून भिंत खुरप्यानं साफ केली. मातीची ओळख अशीच करायची असते, उभ्या थरांवरून. वरच्या एका मुठीवरून माती सांगणं म्हणजे माणसाची टोपी बघून त्याचं कूळ सांगणं. दीड वीत काळा थर. त्याखाली तपकिरी, गांडुळांच्या वाटांनी भरलेला. त्याखाली विटकरी लाल, जरा चिकण, बोटाएवढ्या मुळ्या आरपार गेलेल्या. आणि पार तळाशी, माझ्या गुडघ्यांच्या खाली, तो सडका दगड, ज्याच्या जोरावर हे रान निकालात काढलं होतं.

लीलाताई काठावर उकिडव्या बसून बघत होत्या. "नाव काय म्हनायचं ह्या मातीला?"

मी सांगितलं, शास्त्रात आमच्या सोलापूरच्या काळ्या मातीला जे नाव आहे त्याचा अर्थ 'उलथणारी'. ती फुगते, भेगाळते, वरची खाली जाते, स्वतःच स्वतःला नांगरते. आणि जंगलाखाली पाचोळा कुजून जी जाड, काळी, भुसभुशीत माती तयार होते तिच्या एका गटाच्या नावाचा अर्थ आहे 'मऊ'. ही त्यातली असावी. पण खालचा लाल थर किती चिकण आहे, किती आम्ल आहे, त्यावरून नाव बदलूही शकतं. ते तपासल्याशिवाय मी सांगणार नाही.

"आता तपासल्याबिगर न्हाय सांगत व्हय?" लीलाताई म्हणाल्या.

हे मला लागलं. लागायलाच हवं होतं. मी खड्ड्यातूनच म्हटलं, "नाही सांगत. एकदा सांगितलं, चुकलं माझं."

त्यांनी हात पुढं केला आणि मला वर ओढून घेतलं.

खड्ड्याशेजारी मी तांब्याभर पाणी ओतलं. ते वाहिलंच नाही, जागच्या जागी गडप झालं. तोच तांब्या उतरताना रस्त्याच्या दरडीवर ओतला. पाणी लाल होऊन थेट गटारात गेलं. बाळू बघतच राहिला. "म्हंजे झऱ्याचं पानी..."

"झऱ्याचं पाणी आभाळातून येतं," मी म्हटलं, "पण पावसाळ्यानंतर ते सांभाळून ठेवते ती ही माती. हे रान खरवडलं तर पहिल्याच पावसात निम्मी माती तुमच्या घरांवर येईल आणि चैत्रात टँकर येईल."

प्रत्येक थराची माती वेगळ्या पिशवीत भरली. जागा, खोली, खणणारा, बघणारा असं सगळं लिहून चौघांच्या सह्या घेतल्या. काकांनी सही करायला फार वेळ घेतला.

गुरुवार

तालुक्याच्या कचेरीत सुनावणी अकराला होती. लीलाताईंबरोबर वाडीची दहा-बारा माणसं आली होती. समोर कंपनीचा सल्लागार बसला होता, चकचकीत बूट, पुढ्यात बांधीव अहवाल. सुनावणी घेणारे अधिकारी मध्यमवयीन, थकलेल्या चेहऱ्याचे. सल्लागारानं दहा मिनिटं इंग्रजीमिश्रित मराठीत आकडे सांगितले आणि शेवटी म्हणाला, "सर, हे आमचं मत नाही. लॅबचा रिपोर्ट आहे. सही आहे खाली."

मी उभी राहिले. "ती सही माझी आहे."

मी बाळूनं सांगितलेलं सांगितलं, खड्ड्याचे मोबाइलवर काढलेले फोटो दाखवले, दोन पिशव्या टेबलावर ठेवल्या: एक दरडीची, एक रानातली.

अधिकारी म्हणाले, "मॅडम, मग तेव्हाचा रिपोर्ट खोटा होता का?"

"आकडे खरे होते. माती दुसरीकडची होती."

"आणि 'मुरमाड' हा शब्द?"

"तो मी लिहिला. जागा न बघता."

सल्लागार हसला. "सर, मॅडम भावनेच्या भरात आहेत. लॅबनं रिपोर्ट मागे घेतलेला नाही. माझं त्यांच्या मालकांशी सकाळीच बोलणं झालंय."

तो हसला नसता तर कदाचित मी खाली बसले असते. पण त्या हसण्यानं माझं उरलंसुरलं भय जळून गेलं. मी म्हटलं, "तुम्ही रानात किती पावलं गेलात ते सांगा. शंभर? पन्नास? तुमचा माणूस चार पावलं गेला. चार पावलांत तुम्ही एका डोंगराला नापास केलंत, आणि निकालपत्रावर सही माझी घेतलीत. मी भावनेच्या भरात नाही. मी संतापले आहे, आणि शुद्धीवर आहे."

अधिकाऱ्यांनी मला लेखी द्यायला सांगितलं. मी एका पानावर लिहिलं: मी ती जागा पाहिली नव्हती, जिथून नमुने घेतले असं सांगितलं गेलं तिथून ते घेतलेले नव्हते, माझा शेरा मी मागे घेते. खाली सही केली. अक्षर स्वच्छ आलं. बाराच्या सुमारास अधिकाऱ्यांनी हुकूम दिला: स्वतः येऊन पाहणी करेपर्यंत जागेवर कुठलंही काम करू नये.

कचेरीबाहेर सगळ्यांनी मिळून भेळ खाल्ली. काकांनी भेळेत दाणे कमी असल्याची तक्रार केली. मला वाटलं, झालं.

चारला वाडीत पोचलो तेव्हा बाया रस्त्यावर उभ्या होत्या. लीलाताईंची जाऊ फक्त वर बोट दाखवत होती.

आम्ही सगळे तालुक्याला असताना साडेबाराला जेसीबी आला होता. आमचा खड्डा नेमका जिथं होता तिथं. बाया आडव्या गेल्या तर चालक म्हणाला, मला कागद कुणी दिला नाही, साफसफाई सांगितलीय. दोन तासांत त्यानं वीस-पंचवीस पावलं उतार कापला, सात झाडं आडवी केली, माती कडेच्या ओढ्यात लोटली आणि निघून गेला. आमचा खड्डा उरला नव्हता. गांडुळं उन्हात वळवळत होती.

बावीस वर्षांत मी कामाच्या जागी कधी रडले नाही. तिथंही रडले नाही. मी अधिकाऱ्यांना फोन लावला आणि एवढ्या मोठ्यानं बोलले की काकांनी माझा दंड धरला.

शुक्रवार

अधिकारी सकाळी आठलाच आले. मागून सल्लागाराची गाडी. सगळे त्या कापलेल्या जागी उभे राहिले, आणि तेव्हा मला दिसलं ते आदल्या दिवशी रागात दिसलं नव्हतं. पुरावा पुसायला आलेल्या यंत्रानं आमच्यापेक्षा कितीतरी मोठा खड्डा खणून दिला होता. पुरुषभर उंच, वीस पावलं लांब भिंत, आणि तिच्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत काळा थर, तपकिरी थर, लाल थर, तळाशी दगड. शाळेच्या पुस्तकातल्या चित्रासारखं. कुणाला समजावून सांगायची गरजच उरली नव्हती.

अधिकाऱ्यांनी स्वतः टेप लावला. मग सल्लागाराकडे वळून म्हणाले, "उथळ कुठं आहे?"

"सर, हा एवढाच कोपरा तसा असेल..."

"मग दुसरा दाखवा."

दुसरा, तिसरा आणि चौथा कोपरा काकांनी पहारीनं दाखवला. प्रत्येक वेळी पहार वीतभर नुसती आत गेली. चौथ्या वेळी सल्लागार गाडीत जाऊन बसला. पंचनाम्यात अधिकाऱ्यांनी माझ्याकडून विचारून लिहून घेतलं: खोल, थरबद्ध, सेंद्रिय द्रव्यानं समृद्ध, डोंगरउतारावरची जंगलमाती. हुकूम मोडून काम केल्याची नोंद वेगळी.

पुढचं इथंच सांगून टाकते. काम थांबलंय. कंपनीनं वर दाद मागितली आहे, आणि नवीन अहवाल येईल तो कुणाच्या सहीनं येईल मला ठाऊक नाही. आमच्या मालकांनी मला नोकरीवरून काढलं नाही, फक्त अहवालांवर आता दुसऱ्याची सही असते. मी माती चाळते, सामू काढते. पिशवीवर खणणाऱ्याचं नाव नसेल तर पिशवी परत पाठवते, आणि त्यावरून रोज एक भांडण होतं. होऊ दे.

पण त्या शुक्रवारी अधिकारी गेल्यावर जे बघितलं ते अजून डोळ्यांसमोरून हलत नाही.

वाडीच्या बाया घमेली घेऊन ओढ्यात उतरल्या होत्या. लोटून दिलेली ती काळी माती भरून डोक्यावरून वर नेत होत्या आणि कापलेल्या भिंतीच्या पायथ्याशी ओतत होत्या. एकामागून एक. मला बघवेना. थर एकदा मोडला की मोडला. काळ्याखाली तपकिरी, तपकिरीखाली लाल, हे पुन्हा कुणाच्या हातानं लागत नाही. त्याला जेवढी वर्षं लागली तेवढीच पुन्हा लागतात. आणि ती मोजायला आपल्यातलं कुणी असणार नाही.

मी लीलाताईंना गाठून हळूच सांगितलं, "ताई, याचा उपयोग नाही. माती तशी परत होत नाही."

त्यांनी घमेलं खाली ठेवलं, कपाळाचा घाम पुसला. "ठावं हाय मला."

"मग?"

"मग काय? वड्यात टाकून द्यू व्हय तिला? पान्यासंगं जाईल की वाहून."

त्या वाकल्या. घमेलं जड होतं, एकटीनं उचलेना. मी दुसऱ्या बाजूनं हात लावला आणि ते त्यांच्या डोक्यावर दिलं. मग काठावर पडलेलं रिकामं घमेलं घेतलं आणि मीही ओढ्यात उतरले. काका आधीच खाली होते, हातात फावडं घेऊन. आमची एसटी दुपारची होती. ती चुकली.